अँजिओटेन्सिन-परिवर्तन रोधके

रक्तातील अँजिओटेन्सिन-१ या जवळजवळ निष्क्रिय पेप्टाइडाचे (ॲमिनो अम्लांच्या लहान साखळीचे) अँजिओटेन्सिन-२ या प्रभावी रक्तवाहिनी-संकोचक पदार्थात रूपांतर करणाऱ्या एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) कार्यास अटकाव करणाऱ्या औषधांच्या गटास अँजिओटेन्सिन-परिवर्तन रोधके असे म्हणतात. कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल, पेरिंडोप्रिल, फोसिनोप्रिल इ. औषधे या गटात मोडतात. ‘-प्रिल’ हा नावाचा शेवट हे त्यांचे समान लक्षण आहे. अतिरक्तदाब, हृद्-निष्फलता (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती अपुरी पडणे), हृद्-रोहिणीतील अडथळ्यामुळे हृदयाच्या स्नायूस झालेली इजा व मधुमेहजन्य वृक्कविकार (मूत्रपिंडाचा विकार) यांवर ती प्रामुख्याने वापरली जातात.

ज्या यंत्रणेस ही औषधे आवर घालतात ती मूलतः शरीराच्या रक्षणासाठी आहे. शरीरातील पाणी, मीठ वा रक्त कमी झाले असता रक्तदाब व वृक्काचे कार्य टिकवून धरण्याचे काम अँजिओटेन्सिन-२ करते. हीच यंत्रणा गरज नसताना सतत कार्यरत राहिल्यास हृदय, रक्तवाहिन्या व वृक्क यांची हानी होते. म्हणून या औषधांचे गुण आणि धोके एकाच क्रियेतून उद्भवतात व ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे त्यांचे उपयोग, निषेध आणि दक्षता यांची संगती लागते. कमी पावसाच्या व कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात, उदा., पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील इंदापूर व बारामती या तालुक्यांत, या दक्षतेस विशेष महत्त्व येते. तिचे विवेचन नोंदीच्या अखेरीस केले आहे.

रेनिन-अँजिओटेन्सिन तंत्र : वृक्कात रक्ताची गाळण केशिकागुच्छांत (सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांत) होते. प्रत्येक केशिकागुच्छाकडे रक्त आणणाऱ्या अभिवाही रोहिणिकेच्या भित्तीत विशिष्ट कोशिका (पेशी) असून त्या रेनिन हे एंझाइम साठवून ठेवतात. वृक्कातील रक्ताचा दाब कमी होणे, वृक्कनलिकेतून वाहणाऱ्या द्रवातील मिठाचे प्रमाण घटणे किंवा अनुकंपी तंत्रिकांचे (मज्जातंतूंचे) उद्दीपन होणे, यांपैकी कोणत्याही कारणाने रेनिन रक्तात सोडले जाते. यकृतात तयार होणाऱ्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनावर रेनिनाची विक्रिया होऊन दहा ॲमिनो अम्लांचे अँजिओटेन्सिन-१ हे पेप्टाइड सुटे होते. त्याच्या एका टोकाची दोन ॲमिनो अम्ले परिवर्तक एंझाइम तोडून टाकते व उरलेले आठ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड म्हणजे अँजिओटेन्सिन-२ होय. परिवर्तक एंझाइम शरीरात सर्वत्र रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरावर असते. फुप्फुसांत अशा वाहिन्यांचे जाळे अतिशय विस्तृत असल्याने तेथून एकदा रक्त फिरताच पुष्कळसे परिवर्तन पुरे होते.

अँजिओटेन्सिन-२ मुळे रोहिणिका आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो. अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकातून अल्डोस्टेरोन हे हॉर्मोन (उत्तेजक स्राव) अधिक प्रमाणात स्रवते, त्यामुळे वृक्क सोडियम व पाणी राखून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. शिवाय तहान वाढते, अनुकंपी तंत्रिका तंत्राचे कार्य जोर धरते आणि दीर्घकालाने हृदयाचा स्नायू व रोहिण्यांच्या भित्ती जाड व ताठर होतात. केशिकागुच्छातून रक्त बाहेर नेणाऱ्या अपवाही रोहिणिकेचे आकुंचन हे अँजिओटेन्सिन-२ चे आणखी एक महत्त्वाचे कार्य आहे. शेतात पाणी पसरविण्यासाठी पाटाचे पुढचे तोंड अंशतः बुजवावे, त्याप्रमाणे बाहेरची वाट अरुंद झाल्याने केशिकागुच्छातील दाब वाढतो व एकूण रक्तप्रवाह कमी असतानाही गाळण चालू राहते. [⟶ वृक्क].

हेच परिवर्तक एंझाइम ब्रॅडिकायनिन या दुसऱ्या एका पेप्टाइडाचे विघटन करते. ब्रॅडिकायनिन रक्तवाहिन्या प्रसरण पावविते, केशिकांची पार्यता (द्रव झिरपू देण्याची क्षमता) वाढविते व श्वासमार्गातील संवेदी तंत्रिकांना चेतविते. म्हणजे एकच एंझाइम एका बाजूने रक्तदाब वाढविणारा पदार्थ निर्माण करते आणि दुसऱ्या बाजूने रक्तदाब उतरविणारा पदार्थ नष्ट करते. एंझाइमास अटकाव केला असता दोन्ही क्रिया थांबतात.

इतिहास : अतिरक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात भारताचे, विशेषतः मुंबईचे, एक मानाचे स्थान आहे. सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळांचा अतिरक्तदाबावरील उपयोग मुंबईचे हृद्-रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकातील निबंधाद्वारे जगापुढे मांडला. या कार्याबद्दल त्यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. सर्पगंधेच्या बाबतीत उपयोग आधी कळला व क्रियेची रीत नंतर उमगली. परिवर्तन-रोधकांचा क्रम याच्या उलट आहे. येथे शरीरातील यंत्रणा आधी उलगडली आणि तिला अनुरूप असे औषध नंतर घडविण्यात आले.

रॉबर्ट टिगरस्टेट व पेर बेर्गमान यांनी १८९८ मध्ये स्टॉकहोम येथे सशाच्या वृक्काचा अर्क दुसऱ्या सशास टोचला असता त्याचा रक्तदाब वाढल्याचे नोंदविले व अर्कातील कारक पदार्थास रेनिन हे नाव दिले. हे संशोधन दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याची वृक्क-रोहिणी चिमट्याने अंशतः दाबून कायमचा अतिरक्तदाब निर्माण करता येतो, असे दाखविल्यावर वृक्क व रक्तदाब यांच्या संबंधाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. १९४० च्या सुमारास अर्जेंटिनात ब्राउन-मेनेंदेझ व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेत अर्विन पेज व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे एकच संकोचक पदार्थ शोधून काढला. त्याला दिलेल्या दोन निराळ्या नावांचा मेळ घालून १९५८ मध्ये ‘अँजिओटेन्सिन’ हे नाव निश्चित झाले. परिवर्तक एंझाइम लेनर्ड स्केग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये घोड्याच्या रक्तद्रवात ओळखले आणि १९६७ मध्ये एन्ग व जॉन व्हेन यांनी परिवर्तनाचे मुख्य स्थान फुप्फुसे हे असल्याचे सिद्ध केले.

दुसरा धागा ब्राझीलमधील सर्पविषाच्या अभ्यासातून आला. बॉथ्रॉप्स जराराका हा तेथील विषारी साप सह्याद्रीत आढळणाऱ्या चापडा या सापाच्या उपकुलातील आहे. याच्या विषाची रक्तद्रवावर विक्रिया होऊन ब्रॅडिकायनिन निर्माण होते, असे रोशा ए सिल्वा, बेराल्दो व रोझेनफेल्ड यांनी १९४९ मध्ये दाखविले. सेर्झिओ फरेरा यांना १९६५ मध्ये याच विषात ब्रॅडिकायनिनाचा परिणाम वाढविणारा घटक आढळला. लंडनमध्ये व्हेन यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाय्. एस्. बखले यांनी १९६८ मध्ये कुत्र्याच्या फुप्फुसांच्या अर्कावर प्रयोग करून हा घटक अँजिओटेन्सिनाचे परिवर्तनही थांबवितो, हे सिद्ध केले आणि दोन्ही धागे एकत्र जुळले.

अमेरिकेतील स्क्विब या औषधनिर्मिती संस्थेत डेव्हिड कुशमन व मिगेल ओंडेट्टी यांनी विषातील पेप्टाइडांचा अभ्यास करून नऊ ॲमिनो अम्लांचे टेप्रोटाइड तयार केले. ते अतिरक्तदाबाच्या रुग्णांत गुणकारी ठरले. परंतु पोटात घेतल्यास पाचक रसांनी त्याचे विघटन होत असल्याने ते नीलेतूनच (शिरेतूनच) द्यावे लागे आणि आयुष्यभर घ्यावयाच्या औषधास हा मार्ग निरुपयोगी होता. परिवर्तक एंझाइमाच्या क्रियाशील स्थानी जस्ताचा अणू असतो. स्वादुपिंडातील कार्बॉक्सिपेप्टिडेज-ए या जस्तयुक्त एंझाइमाची रचना त्या वेळी ज्ञात होती व त्याचे एक साधे रोधक १९७३ मध्ये वर्णिले गेले होते. या दोन एंझाइमांच्या साम्यावरून, विषातील पेप्टाइडांप्रमाणे एका टोकास प्रोलीन हे ॲमिनो अम्ल व दुसऱ्या टोकास जस्ताशी बद्ध होणारा गट असलेला लहानसा रेणू पुरेसा ठरेल, असा तर्क त्यांनी केला. पहिले संयुग क्षीण निघाले. त्यातील कार्बॉक्सिल गटाच्या जागी जस्ताशी घट्ट बद्ध होणारा सल्फहायड्रिल गट घातल्यावर कॅप्टोप्रिल मिळाले. हे संशोधन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले व १९८१ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. कुशमन व ओंडेट्टी यांना १९९९ मध्ये लास्कर पारितोषिक देण्यात आले. कॅप्टोप्रिल हे पूर्णतः संश्लेषित (रासायनिक रीत्या कृत्रिमपणे तयार केलेले) संयुग असून त्यात किंवा या गटातील कोणत्याही गोळीत सर्पविषाचा अंश नसतो.

सल्फहायड्रिल गट नसलेले एनालाप्रिल मर्क या संस्थेत आर्थर पॅचेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. त्यास अमेरिकेत १९८५ मध्ये व लिसिनोप्रिलास १९८७ मध्ये मान्यता मिळाली. एंझाइमाला लिसिनोप्रिल नेमके कसे चिकटते याची त्रिमितीय रचना के. रवी आचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थास पेटंट न देता केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेस पेटंट देण्याची तरतूद केली होती व ती २००५ पर्यंत टिकली. त्यामुळे देशी कारखान्यांना ही औषधे स्वतःच्या प्रक्रियेने बनविता आली आणि ती सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आली. एनालाप्रिलाचा अंतर्भाव जागतिक आरोग्य संघटनेच्या, तसेच भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत करण्यात आलेला आहे.

क्रियेची रीत : औषध एंझाइमातील जस्ताशी बद्ध झाल्याने अँजिओटेन्सिन-१ ला तेथे जागा मिळत नाही. परिणामी अँजिओटेन्सिन-२ व अल्डोस्टेरोन यांचे प्रमाण घटते, रोहिणिका सैल पडतात, सोडियम व पाणी यांचे उत्सर्जन वाढते आणि रक्तदाब उतरतो. रक्तवाहिन्या प्रसरण पावविणाऱ्या इतर काही औषधांनी हृदयाचे ठोके प्रतिक्रियात्मक रीत्या वाढतात, तसे येथे सहसा होत नाही. वृक्कात अपवाही रोहिणिका सैल झाल्याने केशिकागुच्छातील दाब कमी होतो व मूत्रातून प्रथिन (अल्ब्युमीन) वाहून जाण्याचे प्रमाण घटते. मधुमेही रुग्णाच्या वृक्काचे रक्षण मुख्यतः या मार्गाने होते.

अँजिओटेन्सिन-२ चे प्रमाण घटताच वृक्क अधिक रेनिन सोडू लागते. शिवाय परिवर्तक एंझाइमाखेरीज इतर काही एंझाइमेही अल्प प्रमाणात अँजिओटेन्सिन-२ तयार करू शकतात. म्हणून दीर्घकाल उपचारात त्याचे व अल्डोस्टेरोनाचे प्रमाण काही रुग्णांत पुन्हा वाढते, तरीही औषधाचा उपयुक्त परिणाम बहुधा टिकून राहतो. त्याच्या परिणामात ब्रॅडिकायनिनाचाही वाटा आहे.

शोषण, चयापचय व उत्सर्जन : या गटातील औषधांची क्रिया समान असली, तरी ती शरीरात निरनिराळ्या प्रकारे वावरतात. कॅप्टोप्रिल जसेच्या तसे क्रियाशील असून पोटात घेतल्यावर सुमारे एका तासात रक्तातील त्याचे प्रमाण कमाल होते. अन्नामुळे त्याचे शोषण घटते म्हणून ते जेवणापूर्वी एक तास घ्यावे लागते. त्याचे अर्धायुष्य (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे दोन तासच असल्याने दिवसातून दोन-तीन मात्रा लागतात.

एनालाप्रिल स्वतः अल्पक्रियाशील असून यकृतात त्याचे एनालाप्रिलॅट या क्रियाशील रूपात परिवर्तन होते. शोषण सुमारे ६० टक्के होते, अन्नाचा त्यावर परिणाम होत नाही आणि क्रियाशील रूपाचे परिणामी अर्धायुष्य सुमारे ११ तास असते. त्यामुळे दिवसातून एक वा दोन मात्रा पुरतात. रामिप्रिल व पेरिंडोप्रिल हीदेखील यकृतात क्रियाशील होणारी औषधे आहेत. लिसिनोप्रिल मुळातच क्रियाशील असून त्याचा चयापचय होत नाही. त्याचे शोषण सुमारे २५ टक्केच होते व शोषलेला भाग वृक्कावाटे न बदलता बाहेर पडतो. बहुतेक औषधांचे उत्सर्जन मुख्यतः वृक्कावाटे होत असल्याने वृक्काचे कार्य मंदावलेल्या रुग्णांत मात्रा कमी करावी लागते. फोसिनोप्रिलाचे उत्सर्जन यकृत व वृक्क या दोन्ही मार्गांनी होते.

अतिरक्तदाबावर प्रौढांना दररोज एनालाप्रिल ५ ते ४० मिग्रॅ., लिसिनोप्रिल १० ते ४० मिग्रॅ. व रामिप्रिल २·५ ते १० मिग्रॅ. या मर्यादेत देतात. वृद्ध, वृक्कविकारी व मूत्रल (लघवीचे प्रमाण वाढविणारी) औषधे घेणाऱ्या रुग्णांत प्रारंभ याहून लहान मात्रेने करतात. मात्रा ठरविणे हे सर्वस्वी डॉक्टरांचे काम आहे.

वैद्यकीय उपयोग : (१) अतिरक्तदाब : रक्तदाब वारंवार मोजून १४०/९० मिमी. पारा किंवा त्याहून अधिक आढळल्यास सामान्यतः अतिरक्तदाब मानतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के व्यक्तींत तो आढळला. या विकारास बहुधा कोणतेही लक्षण नसते. त्यामुळे बरे वाटते म्हणून औषध सोडण्याकडे रुग्णाचा कल होतो आणि पक्षाघात, हृद्-विकार वा वृक्क निकामी होणे या रूपानेच रोग प्रथम जाणवतो. परिवर्तन-रोधके एकटी किंवा थायाझाइड वर्गातील मूत्रले अथवा ॲम्लोडिपीन यांसारख्या कॅल्शियम-मार्ग रोधकांच्या जोडीने देतात. मधुमेह, मूत्रातून प्रथिन जाणे किंवा हृद्-निष्फलता यांची जोड असल्यास त्यांना अग्रक्रम मिळतो. [⟶ रक्तदाब].

(२) हृद्-निष्फलता : स्वीडन, नॉर्वे व फिनलंड या देशांत तीव्र हृद्-निष्फलतेच्या २५३ रुग्णांवर झालेल्या व १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ४४ टक्के, तर एनालाप्रिल घेणाऱ्यांत २६ टक्के होते. तोपर्यंत या विकारावरील बरीच औषधे केवळ लक्षणे कमी करीत. आयुष्य वाढविणारे औषध म्हणून परिवर्तन-रोधकांचे महत्त्व येथे प्रस्थापित झाले. हृद्-रोहिणी बंद पडून हृदयाचा स्नायू दुबळा झाल्यावर कॅप्टोप्रिलाने मृत्यूचे प्रमाण घटते, असे १९९२ मध्ये दिसून आले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९,२९७ व्यक्तींवरील चाचणीत रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका असलेल्यांत रामिप्रिलाने हृद्-विकार व पक्षाघात यांचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले.

(३) वृक्कविकार : इन्शुलीन-अवलंबी मधुमेहाच्या ४०९ रुग्णांवरील १९९३ मधील चाचणीत कॅप्टोप्रिलामुळे वृक्काचे कार्य खालावण्याचा वेग स्पष्टपणे मंदावला. मूत्रातून प्रथिन जाणाऱ्या इतर दीर्घकालिक वृक्कविकारांतही हा लाभ होतो. अपोहन (रक्तातील त्याज्य द्रव्ये यंत्राद्वारे काढून टाकण्याचा उपचार) दर आठवड्यास दोन-तीनदा शहरगावी जाऊन घ्यावे लागणे ग्रामीण कुटुंबास आर्थिक व शारीरिक दृष्ट्या जड जाते. तो प्रसंग काही वर्षे लांबणीवर पडणे हा या स्वस्त गोळीचा मोठाच लाभ होय.

अनिष्ट परिणाम : पहिल्या मात्रेनंतर, विशेषतः मूत्रले घेणाऱ्या वा शरीरातील पाणी कमी झालेल्या रुग्णांत, रक्तदाब एकाएकी उतरून चक्कर येण्याचा संभव असतो. सर्वांत वारंवार आढळणारा त्रास म्हणजे कोरडा, घशात सारखी खवखव करणारा खोकला होय. निरनिराळ्या पाहण्यांत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते २० टक्के दिसते व स्त्रियांत ते अधिक असते. ब्रॅडिकायनिन व तत्सम पदार्थ श्वासमार्गात साचल्याने तो उद्भवतो. तो औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी वा महिन्यांनीही सुरू होतो, खोकल्याच्या औषधांना दाद देत नाही आणि औषध बंद केल्यावर बहुधा एक ते चार आठवड्यांत थांबतो. भारतात दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयरोगाचा विचार करणे अगत्याचे असते. म्हणून रुग्णाने आपण घेत असलेल्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगणे आणि डॉक्टरांनी ते विचारणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. गोळीकडे दुर्लक्ष झाल्यास नाहक तपासण्या व औषधे यांचा खर्च होतो. उलट सर्व दोष गोळीवर ढकलल्यास क्षयरोग नजरेतून सुटू शकतो.

क्वचित (हजारांत एक ते सात रुग्णांत) ओठ, जीभ, चेहरा वा स्वरयंत्र यांना एकाएकी सूज येते. यास वाहिनीशोफ म्हणतात. श्वासमार्ग बंद होऊन प्राणास धोका संभवत असल्याने रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. असा प्रसंग एकदा घडल्यास या गटातील कोणतेही औषध पुन्हा कधीही देत नाहीत.

अल्डोस्टेरोन घटल्याने रक्तातील पोटॅशियम वाढते. वृक्कविकार व मधुमेह असणाऱ्यांत, तसेच स्पिरोनोलॅक्टोनासारखी पोटॅशियम राखणारी मूत्रले घेणाऱ्यांत, ही वाढ हृदयाची लय बिघडविण्याइतकी होऊ शकते. ‘कमी सोडियमाचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते व शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम बरेच असते. म्हणून अशा रुग्णांनी त्यांचा वापर विचारल्याशिवाय करू नये. कॅप्टोप्रिलाच्या आरंभीच्या मोठ्या मात्रांमुळे पुरळ, चव नाहीशी होणे व क्वचित श्वेत कोशिका घटणे हे परिणाम दिसत. मात्रा कमी केल्यावर त्यांचे प्रमाण पुष्कळ घटले.

निषेध व दक्षता : गर्भिणीस ही औषधे पूर्णतः निषिद्ध आहेत. गर्भाच्या वृक्काची वाढ व कार्य अँजिओटेन्सिन-२ वर अवलंबून असते. चौथ्या महिन्यापासून पुढे औषध चालू राहिल्यास गर्भाचे मूत्र तयार न होऊन गर्भजल घटते, फुप्फुसे व कवटीची हाडे नीट वाढत नाहीत आणि गर्भाचा वा नवजात अर्भकाचा मृत्यूही ओढवतो. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीस हे आधीच समजावून सांगावे लागते व दिवस राहिल्याचे कळताच औषध बदलावे लागते. त्याऐवजी मेथिलडोपा, लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपीन देतात.

दोन्ही वृक्क-रोहिण्या, किंवा एकच वृक्क असल्यास त्याची रोहिणी, अरुंद झालेली असल्यास वृक्काची गाळण सर्वस्वी अपवाही रोहिणिकेच्या आकुंचनावर टिकून असते. ते आकुंचन औषधाने नाहीसे होताच वृक्क निकामी होऊ लागते. भारतात तरुण रुग्णांत महारोहिणीच्या दाहामुळे (ताकायासू विकारामुळे) ही स्थिती आढळते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी व नंतर एक ते दोन आठवड्यांनी रक्तातील क्रिॲटिनीन व पोटॅशियम तपासतात. क्रिॲटिनिनात ३० टक्क्यांपर्यंत होणारी वाढ केशिकागुच्छातील दाब उतरल्याची निदर्शक असल्याने सामान्यतः चालते. त्याहून अधिक वाढल्यास कारण शोधावे लागते. अँजिओटेन्सिन-२ च्या ग्राहींना रोधणारी औषधे (लोसार्टन, टेल्मिसार्टन इ.) खोकला होणाऱ्या रुग्णांस पर्याय म्हणून उपयोगी पडतात. परंतु दोन्ही गट एकत्र दिल्याने लाभ न वाढता अपाय मात्र वाढतो, असे २००८ मधील एका मोठ्या चाचणीत दिसून आले. सॅक्युबिट्रिल हे औषध आणि परिवर्तन-रोधक यांच्यात किमान ३६ तासांचे अंतर ठेवावे लागते. कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० मध्ये ही औषधे रोग बळावतात अशी शंका निघाली होती. परंतु ती बंद केल्याने काही लाभ होत नसल्याचे पुढील चाचण्यांत आढळले.

कोरड्या प्रदेशातील वापर : इंदापूर तालुका भीमा व नीरा या नद्यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसला आहे. उजनीचे जलाशय व कालवे यांमुळे येथे व शेजारच्या बारामती तालुक्यात ऊस पिकत असला, तरी पाऊस कमी पडतो व उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या आसपास जाते. दिवसभर उन्हात शेतकाम वा ऊसतोडणी करणाऱ्याच्या शरीरातून घामावाटे पाणी व मीठ मोठ्या प्रमाणात जाते. अशा वेळी रेनिन-अँजिओटेन्सिन तंत्र जागे होऊन रक्तदाब व वृक्काची गाळण सावरते. परिवर्तन-रोधक घेणाऱ्याच्या शरीरात हा आधार दुबळा झालेला असतो.

तीन औषधे एकत्र आल्यास धोका विशेष वाढतो. परिवर्तन-रोधकाने अपवाही रोहिणिका सैल पडते. मूत्रलाने शरीरातील पाणी कमी होते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी प्रोस्टाग्लँडिने घटून अभिवाही रोहिणिका आकुंचन पावते. आत येणारी वाट अरुंद, बाहेर जाणारी वाट मोकळी आणि मुळात रक्ताचे घनफळच कमी, अशा स्थितीत गाळण थांबते व वृक्क एकाएकी निकामी होते. यांतील पहिली दोन औषधे बहुधा डॉक्टरांनी दिलेली असतात. तिसरे पाठदुखी वा गुडघेदुखीसाठी रुग्ण दुकानातून स्वतःच घेतो व त्याचा उल्लेखही करीत नाही.

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरपूरकडे जाते. वारकऱ्यांत वयस्क मंडळी पुष्कळ असतात. दिवसभराची चाल, दुखरे सांधे, बदललेले पाणी व त्यातून उद्भवणारे जुलाब यांचा योग रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत विचारात घ्यावा लागतो. अशा रुग्णाने निघण्यापूर्वी रक्तदाब, क्रिॲटिनीन व पोटॅशियम तपासून घ्यावे, औषधांची नावे लिहिलेला कागद जवळ बाळगावा आणि वेदनाशामक विचारल्याशिवाय घेऊ नये. सांधेदुखीवर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल हा अधिक सुरक्षित पर्याय असतो. उलट्या वा जुलाब सुरू होऊन अन्नपाणी टिकेनासे झाल्यास परिवर्तन-रोधक व मूत्रल ही डॉक्टरांच्या सल्ल्याने तात्पुरती थांबवितात, जलसंजीवनी देतात आणि रुग्ण एक-दोन दिवस नीट खाऊपिऊ लागल्यावर ती पुन्हा सुरू करतात. लघवी फार कमी होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा अतिशय गळून जाणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

केवळ उन्हाळा आहे म्हणून किंवा रक्तदाब ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी परस्पर बंद करणे मात्र तितकेच धोक्याचे आहे. रक्तदाब काबूत असणे हा बहुधा औषधाचाच परिणाम असतो आणि ते सोडल्यावर दाब हळूहळू पूर्ववत वाढतो. थांबविण्याचे निमित्त आजारपणातील जलन्यूनता हे असावे व थांबविलेले औषध पुन्हा सुरू करण्याचा दिवस डॉक्टरांकडून त्याच वेळी ठरवून घ्यावा.